उजवा गेर, डावा बिरेक

तो माणूस भंगार न्यायला आला होता. मग तो खिशातला रुमाल काढून इंजिन कशाला पुसत होता?

डोक्यावर कुटाराचं, म्हणजे गुरांच्या भुश्याचं टोपलं घेतलेली अपेक्षा कोठ्याच्या दारातच थबकली. कोठा म्हणजे मामाच्या गुरांचा जुना गोठा. गुरं यंदा नव्या शेडमध्ये गेली होती, आणि कापूस ठेवण्यासाठी हा कोठा रिकामा करायचा असं फर्मान ज्ञानेश्वरमामाने दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी काढलं होतं. अपेक्षा नांदुऱ्याहून एसटीने जळगाव जामोदला उतरून मामाच्या गावी आली काय, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर कुटार आलं काय! बारा वर्षांच्या मुलीची सुट्टी अशी सुरू होते का कुठे?

पण त्या कुटाराखालून काल एक फटफटी निघाली होती. गंजलेली, दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली आणि सीटवर शारदामामीची कोंबडी ऐटीत बसलेली!

"हाव साहेब," तो माणूस आता दबक्या आवाजात फोनवर बोलत होता, "इंजिनचा नंबर फोटोत पाठोला. मले त्यातलं काई समजत नाई, तुमीच पाहा. नाई नाई, या लोकायले काईच मालूम नाई! भंगार समजून देऊन राह्यले!"

अपेक्षाचे कान टवकारले. या माणसाला गावात सगळे वैजूभाऊ म्हणत. जुनी पितळी भांडी, जुनी घड्याळं, जुने दरवाजे असं काय काय लोकांकडून उचलायचं आणि मोठ्या शहरात विकायचं, हा त्याचा धंदा.

फोन ठेवला आणि वैजूभाऊचा आवाज एकदम मोठा झाला. "ज्ञानेश्वरभाऊ! निस्तं गंजेल लोखंड हाय हो! तुमच्यासाठी म्हणून नेतो. भाऊबीजेले टेम्पो आणतो."

"ने बापा!" मामा अंगणातूनच ओरडला. "जागा तं होईन!"

टोपलं तिथेच टाकून अपेक्षा धावत सुटली.

मामाची दोन्ही मुलं विहिरीपाशी सापडली. शिवम अकरा वर्षांचा. तो कानात सांगायला लागला तरी अर्ध्या गावाला ऐकू जाई. त्याची बहीण छकुली आठ वर्षांची, बोलायला कमी, पण बोटं भारी चपळ.

"भंगारवाला नंबरचा फोटो कायले काढीन?" अपेक्षाने सगळं सांगून विचारलं.

"कायले काढीन?" शिवमने डोकं खाजवलं. "लोखंडाले का नंबर पाहून भाव भेटते?"

"तेच तं! त्या फटफटीत काहीतरी हाय!"

तिघंही कोठ्यात घुसली. कोंबडीने आरडाओरडा करून निषेध नोंदवला, पण तिला कोण विचारतो! छकुलीने टाकीवरचा निळा ऑइलपेंट नखाने खरवडायला सुरुवात केली. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली काळा, आणि मग एकदम ती किंचाळली, "बंदूक!"

"कुठी?"

"एक नाई, तीन हायेत!"

खरंच! पितळी रंगाच्या तीन बंदुका, दस्ते जमिनीवर आणि तोंडं एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या!

"मिलिटरीची गाडी!" शिवम नाचायला लागला. "बॉम्ब गिम्ब असंन बे टाकीत!"

"बॉम्ब नाई रे बुवा," मागून एक खरखरीत आवाज आला. "बीएसए हाय ते."

उकंडराव आबा दारात उभे होते. शिवम-छकुलीचे आजोबा, आणि आईकडून अपेक्षाचेही. ब्याऐंशी वर्षांचे, काटक. दिवसभर खाटेवर बसून ते रस्त्याकडे पाहत राहायचे, चार शब्दांच्या वर पाचवा शब्द बोलत नसत. आज मात्र ते आत आले आणि त्यांनी त्या बंदुकांवरून अंगठा फिरवला.

"बिलायतेत बंदुका बनवणारी कंपनी होती. तिनंच ह्या गाड्या काढल्या. लढाईत आली, लढाई सरल्यावर इथीच राह्यली. खामगावच्या एका कापसाच्या जिनवाल्यापासून घेतली म्या."

"तुमी चालवत होते, आबा?" अपेक्षाचे डोळे विस्फारले.

"चालवत?" आबा हसले. "अवं पोरी, नांदुऱ्याले एक तंबूटाकी होती न् जळगावले दुसरी. तंबूत सिनेमा दाखवायचे ना, ते. दोघीयमधी पिक्चर मात्र एक! नांदुऱ्याले पयली रीळ संपली का डब्यात टाकायची, फटफटीवर बांधायची, पूर्णेचा पूल ओलांडून जळगावले. तठी लोकं शिट्ट्या मारून राह्यलेले. दुरून ह्या फटफटीचा आवाज आला का सारा तंबू उठून ओरडे, 'डबा आला रे, डबा आला!'"

बोलणं संपलं तरी त्यांचा हात टाकीवरच राहिला होता. अपेक्षा त्या हाताकडे पाहत राहिली. भाऊबीजेला ही गाडी टेम्पोत चढणार होती, आणि आबांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

दुपारी जेवताना तिने सरळ मामालाच गाठलं. "मामा, फटफटी चालू झाली तर?"

मामाच्या तोंडातला घास हसण्याने सांडला. "ते? तीस वर्षं झाले तिले! भाऊबीजेलोग ते चालू झाली ना, तं मी तिले विकत नाई. जा, शब्द देला!"

"शारदामामी, ऐकलं ना?"

"आयकलं वं," मामी भाकरी थापता थापता म्हणाली. "मी साक्षीदार!"

भाऊबीजेला अकरा दिवस होते.

आबांना तयार करायला वेळ लागला नाही. शिवमने खाटेजवळ जाऊन म्हटलं, "आबा, तुमाले जमन का आता?" आणि आबा असे ताडकन उठले, की खाटच कुरकुरली!

पण पहिलाच दिवस चाबी शोधण्यात गेला. तिघांनी कोनाडे पाहिले, धान्याच्या कोठ्या पाहिल्या, मामीचे मसाल्याचे डबेसुद्धा उघडून पाहिले. हत्यारांच्या पेटीत फक्त उंदरांचं घरटं मिळालं, तेही गाडीच्या कागदांचं! उंदरांनी सगळे कागद कुरतडून मऊ गादी केली होती.

"चाबी सापडून नाई राह्यली!" शिवम गल्लीत उभा राहून ओरडला. नेमका तेव्हाच वैजूभाऊ स्कूटरवरून चालला होता. त्याने करकचून ब्रेक मारला.

"काय हरपलं रे?"

"फटफटीची चाबी! कोणापाशीच नाई! अन् कागद उंदरायनं खाल्ले!"

"असं?" वैजूभाऊ मिशीवर ताव देत म्हणाला, "असं असं..." आणि निघून गेला.

थकून भागून तिघं परत आली तेव्हा आबा मिशीतल्या मिशीत हसत होते.

"काय शोधून राह्यले रे पोट्टे हो?"

"चाबी, आबा! सकाळपासून!"

"चाबी?" आबांना हसू आवरेना. "अवं, हिले चाबीच नसते! हे पाय, ह्याले मॅग्नेटो म्हणतात. किक मारली का हेच वीज बनवते. बॅटरी नाई, चाबी नाई. ज्याले सुरू करता येते, त्याची फटफटी!"

"मग सकाळीच काऊन नाई सांगतलं?" अपेक्षा कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमी सारं घर झाडून काढलं ना! तुही मामी लय खूश हाय!"

त्यानंतर कामाला जो जोर चढला, तो विचारू नका! घट्ट बसलेल्या पिस्टनवर आबांनी रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं. रोज सकाळी तिघं गाडी गेरात टाकून मागेपुढे हलवत. पाच दिवस ती दगडासारखी ढिम्म होती. सहाव्या दिवशी आतून 'खुट्' असं झालं आणि चाक फिरलं! शिवमने अशी आरोळी ठोकली की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली आणि तिला पकडण्यात तासभर गेला.

कार्बोरेटरची भोकं छकुलीच्या वाट्याला आली. शिवणाच्या सुईपेक्षा बारीक तार घेऊन ती दुपारभर बसायची, जीभ बाहेर काढून. जळगावच्या जानराव मिस्त्रींनी मॅग्नेटो दुकानात नेला आणि दोन दिवसांनी ठणठणीत करून आणला. सोबत बुलेटचे दोन वापरलेले टायरही आणले. "उकंडभाऊ, तुमच्या डब्याची वाट पाहत म्या लय शिट्ट्या मारल्या," ते म्हणाले, आणि निघताना छकुलीला आपला जुना पाना देऊन गेले.

आबा खाटेवर परत बसलेच नाहीत. पाचव्या शब्दाचं तर विचारूच नका, आता ते थांबतच नव्हते!

"ध्यानात ठेवा रे! आजच्या गाड्यायचं सारं उलटं करा. ह्या बिलायती गाडीचा गेर उजव्या पायात, बिरेक डाव्या पायात! म्हणा!"

"उजवा गेर, डावा बिरेक!" तिघं ओरडत. छकुली तर झोपेतही ते म्हणते, असं मामीने सांगितलं.

भाऊबीजेच्या आदल्या सकाळी आबांनी पेट्रोल सोडलं, ठिणगी उशिरा पडावी आणि किक उलटी बसू नये म्हणून हँडलवरची दांडी मागे घेतली आणि किक मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. चौथी किक शिवमने मारायचा हट्ट धरला, पण दांडी पुढेच राहिली, आणि किकने त्याला असा उलटा झटका दिला की तो थेट कुटारात जाऊन बसला!

"आबा," अपेक्षाने घाबरत विचारलं, "नाई झाली तर?"

"डबा कधी उशिरा नाई नेला म्या," आबा म्हणाले. त्यांनी पाय झटकला आणि सगळा भार टाकून किक मारली.

फट्!

सगळ्यांनी श्वास रोखला.

फट्... फट्... फटफटफटफट!

कोठा हादरला. कोंबड्या छपरावर गेल्या. मामी पिठाच्या हातांनी धावत आली आणि मामा तोंडात ब्रश तसाच ठेवून उघड्या डोळ्यांनी बघत राहिला. छकुली उड्या मारत होती, शिवम बोंबलत होता, आणि अपेक्षा हसता हसता रडत होती, पण ते तिने कुणाला कळू दिलं नाही.

"हारलो बापा, हारलो!" मामा फेस थुंकत म्हणाला. "नाई विकत!"

दुसऱ्या दिवशी वैजूभाऊचा टेम्पो आला. मामाने नकार देताच त्याचा चेहरा पडला. अशा जुन्या बिलायती गाडीला शहरात मोठा भाव येतो, आणि फोनवरच्या त्या साहेबाला त्याने शब्द देऊन ठेवला असावा. तो तसाच निघून गेला, आणि तासाभराने परत आला तो गावच्या पोलीस पाटील सिंधूताईंना सोबत घेऊन. त्यांच्या मागोमाग अर्धी गल्लीही अंगणात जमली.

"सिंधूताई, आता तुमीच न्याय करा," वैजूभाऊ गळा काढून म्हणाला. "हे फटफटी माह्या बाबाची हाय! उकंडरावनं चार दिवसांसाठी म्हणून मागून नेली, अन् तीस वर्षं दाबून ठेवली! बाबा जिवंत होते तोलोग मी लाजेखातर बोललो नाई. त्यायच्यापाशी कागद हायेत का, इचारा!"

कागद! उंदरांची गादी अपेक्षाच्या डोळ्यांपुढे आली.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला पाना त्यांनी हळूच खाली ठेवला. "इतके वर्षं लोकायचे डबे वाह्यले," ते पुटपुटले, "कोणाची रीळ एक हात कमी नाई भरली. अन् आता मले चोर म्हणून राह्यला?"

"आबा, वाद कायले?" मामा आजूबाजूला बघत कुजबुजला. "दिवाळीचा दिवस हाय. देऊन टाकू!"

अपेक्षाला मामाचा भयंकर राग आला. गाडी जाईल ते जाईल, पण गाडी दिली तर गाव म्हणेल, उकंडरावांनी दाबलेली गाडी परत केली! आबा पुन्हा त्या खाटेवर जाऊन बसतील, आणि यावेळी रस्त्याकडेही पाहणार नाहीत.

"अन् पुरावा पाहिजे ना?" वैजूभाऊने खिशातून ऐटीत एक साखळी काढली. तिला एक जुनी पितळी चाबी लटकत होती! "हे पाहा फटफटीची असली चाबी! बाबानं जपून ठेवली होती. यायच्यापाशी चाबी नाई, साऱ्या गावाले मालूम हाय!"

गर्दीत कुजबुज झाली. शिवम काहीतरी ओरडणार, तोच अपेक्षाने त्याच्या तोंडावर हात दाबला. आयुष्यात पहिल्यांदाच शिवम गप्प बसला.

"सिंधूताई, मी एक विचारू?" ती पुढे झाली.

"इचार वं बाई."

"वैजूकाका, ही चाबी नक्की याच फटफटीची?"

"शंभर टक्के!"

"मग लावून दाखवा ना!"

वैजूभाऊ तोऱ्यात पुढे झाला. त्याने हँडल पाहिलं. दिव्याखाली पाहिलं. टाकीखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, शेवटी गुडघ्यावर बसून इंजिनखालीही पाहिलं. चाबी हातात, पण भोक कुठेच नाही!

"काय हरपलं, काका?" छकुलीने गोड आवाजात विचारलं.

"या गाडीला चाबी नसतेच!" अपेक्षा म्हणाली. आता तिचा आवाज खणखणीत निघाला. "मॅग्नेटो आहे हिला. पहिल्या दिवशी आम्हालाही माहीत नव्हतं. शिवम गल्लीत ओरडला ते काकांनी ऐकलं आणि चाबी शोधून आणली!"

लोक हसायला लागले. वैजूभाऊचं कपाळ घामाने भिजलं. "मले... मले ते चाबी दुसरीकडची आठवली! पण गाडी आमचीच! लहानपणी याच फटफटीवर शिकलो मी! रोज चालवत होतो!"

अपेक्षाने आबांकडे पाहिलं. आबांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मिशीत काहीतरी हललं.

"रोज चालवत होते?" ती म्हणाली. "मग एक चक्कर मारून दाखवा! सिंधूताई, एवढं झालं की लगेच समजेल."

"बरोबर हाय," सिंधूताई म्हणाल्या. "चालवा, वैजूभाऊ."

आता माघार कशी घेणार? आबांनी गाडी अंगणाच्या मधोमध आणली, पुढचं चाक वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाकडे वळवलं आणि एका किकमध्ये सुरू करून दिली. अपेक्षाने छकुलीला ओढून ओट्यावर घेतलं.

वैजूभाऊ बसला. गेर टाकायला त्याने डावा पाय दाबला. तो होता ब्रेक! गाडी जागची हलली नाही. त्याने अ‍ॅक्सिलेटर पिळला, गाडी नुसती गुरगुरली. गोंधळून तो दोन्ही पायांनी सापडेल ते दाबायला लागला, उजव्या पायाखाली 'खट्' झालं, हातातला क्लच सुटला, आणि...

"आई गं!"

गाडी उधळली! वैजूभाऊने ब्रेक म्हणून उजवा पाय गच्च दाबला, तर आणखी एक गेर पडला! मामी किंचाळली, लोक बाजूला पळाले, आणि वैजूभाऊ फटफटीसकट सरळ कापसाच्या ढिगात घुसला. फफ्फ! बाहेर राहिले ते फक्त त्याचे दोन बूट.

"उजवा गेर, डावा बिरेक!" तिन्ही पोरं एका सुरात ओरडली.

अंगणात हशा पिकला. मामाने बुटांना धरून ओढलं, तेव्हा केस, मिशी, भुवया सगळं पांढरं झालेला वैजूभाऊ बाहेर आला. खरचटलं कुठेच नव्हतं, पण तोंडही दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

"रोज चालवत होते ना?" सिंधूताईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात आता हसू नव्हतं. "खोटी तक्रार घेऊन माह्या दारात आले, अन् म्हाताऱ्या माणसाले गावासमोर चोर म्हटलं. आधी त्यायची माफी मागा. साऱ्यायसमोर!"

तोंडातला कापूस काढत वैजूभाऊने माफी मागितली आणि टेम्पोकडे धूम ठोकली. पितळी चाबी मागेच राहिली.

मामा मान खाली घालून आबांपुढे आला. "आबा, चुकलंच माहं. तुमाले इचारलं नाई, अन् वरून देऊन टाका म्हटलं."

"ह्या पोट्ट्यायले सांग ते," आबा म्हणाले, पण त्यांचा हात मामाच्या पाठीवर गेला.

सिंधूताईंनी अपेक्षाचा खांदा थोपटला. "मी आले तवा मले वाटलं, कागद नाई म्हणजे मामला कठीण. तू चाबीचं भोक इचारलं न् सारा निकाल लागला! तिघंही हुशार हा! शाबास!"

"अन् मी गप्प बसलो त्याचं काई नाई?" शिवमने विचारलं. त्यालाही शाबासकी मिळाली, कारण ते काम खरोखरच अवघड होतं.

कापूस झाडून गाडी उभी केली, तोवर मामाने आपलं हेल्मेट आणून आबांच्या डोक्यावर बसवलं. "चौकालोग जा फक्त. अन् हळू!"

"बस वं मागं," आबा अपेक्षाला म्हणाले.

तेवढ्यात छकुली धावत आली. कोंबड्यांना पाणी ठेवायचा एक गोल, चपटा, गंजका डबा तिने घासून पुसून आणला होता. "आबा, हा रिळीचाच डबा ना?"

आबांनी डबा उलटा करून पाहिला. मग तो अपेक्षाच्या मांडीवर ठेवला.

फटफटी गल्लीतून निघाली. फट, फट, फट, फट! डबा छातीशी धरून अपेक्षा मागे बसली होती आणि तिचं सगळं अंग त्या आवाजाने थरथरत होतं. चौकात पारावर म्हातारी मंडळी उन्हात बसली होती. आवाज ऐकून त्यांनी माना वर केल्या. काठी टेकत एक म्हातारी उठून उभी राहिली, ती केसरबाई. आबांच्याच वयाची असावी. तिने कपाळावर हात धरून पाहिलं आणि एखाद्या पोरीसारखी ओरडली,

"अवं माय! डबा आला रे, डबा आला!"

आणि मग सगळा पारच उठला. कुणी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, कुणी टोपी उडवली. आबांनी डावा पाय दाबला आणि गाडी बरोबर पारासमोर उभी राहिली.

"उशीर झाला काय रे?" त्यांनी विचारलं.